फ्रेंचांची इंग्रजी शिकवणी

1586 साली लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागातल्या एका छापखान्यातून एक लहानसं पुस्तक बाहेर पडलं. छापखाना तोमा व्होत्रोलिए या फ्रेंच निर्वासिताचा, आणि पुस्तक लिहिणारा झाक बेलोही निर्वासितच, मूळचा नॉर्मंडीतल्या काँ शहराचा. पुस्तकाचं नाव ‘फॅमिलिअर डायलॉग्ज’, म्हणजे रोजच्या बोलण्यातले संवाद. त्यात प्रत्येक वाक्य तीन वेळा येतं: एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये आणि तिसऱ्यांदा पुन्हा इंग्रजीतच, पण फ्रेंच माणसाच्या तोंडून उच्चार बरा निघावा अशा स्पेलिंगमध्ये.

यात राजेरजवाडे नाहीत की धर्मचर्चा नाही. माणसं सकाळी उठतात, कपडे मागतात, मुलांना शाळेत धाडतात. मग बाजार लागतो. कोंबड्या विकणारा भेटतो, मासळीवाला भेटतो, खाटीक आणि कापडवाला भेटतो. भाव विचारला जातो, महाग म्हणून नाक मुरडलं जातं, घासाघीस होते. पुढे जेवणाची पंगत आहे, खेळ आहे, प्रवास आहे. नव्या शहरात उतरलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात जे जे बोलावं लागतं, ते सारं बेलोने या संवादांत घातलं आहे.

त्याचे वाचक कोण होते, हे यावरूनच कळतं. 24 ऑगस्ट 1572 रोजी पॅरिसमध्ये ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट लोकांची कत्तल सुरू झाली आणि तिचं लोण गावोगाव पसरलं. जीव वाचवून निघालेल्यांपैकी बरेच जण खाडी ओलांडून लंडनला आले. हातात कसब होतं, पण जिभेवर इंग्रजी नव्हतं. परक्या गावात आसरा मिळाला तरी तिथली बोली समजत नसेल तर माणसाचे काय हाल होतात, हे बेलोने स्वतः पाहिलं होतं आणि प्रस्तावनेत ते सांगितलंही आहे. त्याआधी 1580 साली त्याने फ्रेंच भाषकांसाठी इंग्रजीचं एक व्याकरणही छापलं होतं. परदेशी माणसाला इंग्रजी शिकवण्यासाठी छापलेल्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

तोवर अशा पुस्तकाची गरज कुणाला फारशी भासली नव्हती. इंग्रज माणूस फ्रेंच शिकत असे. फ्रेंच माणसाने इंग्रजी शिकावं, असं त्या भाषेत होतं तरी काय? व्यापाऱ्यांची थोडी सोय होती. विल्यम कॅक्सटनने 1480 च्या सुमारास छापलेलं फ्रेंच-इंग्रजी संवादांचं पुस्तक लोकर आणि कापडाच्या पेठांत उपयोगी पडत असे. पण लंडनमध्ये इटालियन शिकवणारा जॉन फ्लोरिओ 1578 च्या आपल्या पुस्तकात एका पात्राच्या तोंडून सरळ वदवतो, की इंग्लंडात या भाषेचा उपयोग आहे, डोव्हर बंदर ओलांडलं की तिला काडीची किंमत नाही.

फ्रेंच माणसाला इंग्रजीत जी अडचण येते, तिचं मूळ फार जुनं आहे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं दरबाराची, कोर्टाची आणि जमीनदारांची भाषा फ्रेंच होती. खटले इंग्रजीत चालवावेत असा कायदा 1362 मध्ये झाला खरा, पण तो कायदाही लिहिला गेला फ्रेंचमध्येच! या दीर्घ संगतीत फ्रेंचचे हजारो शब्द इंग्रजीत शिरले आणि वरच्या मजल्यावर बसले. जुने इंग्रजी शब्द स्वयंपाकघरात, शेतात आणि गोठ्यात टिकून राहिले. एकाच अर्थाला दोन दोन क्रियापदं झाली. सहन करायला ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’, विझवायला ‘एक्स्टिंग्विश’ आणि ‘पुट आउट’, चालू ठेवायला ‘कंटिन्यू’ आणि ‘कीप ऑन’. प्रत्येक जोडीतला पहिला शब्द फ्रेंच-लॅटिन घराण्यातला, म्हणून फ्रेंच माणसाला तो न शिकवताही कळतो. दुसरा तीन-चार अक्षरी क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असं शेपूट लावून झालेला. त्यातला एकेक शब्द लहान मुलालाही माहीत असतो, पण दोन्ही मिळून काय होतं ते त्या शब्दांवरून कळत नाही.

ही रचना काल-परवाची नाही. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या आधी उपसर्ग लागत. ‘फर्गिव्ह’, ‘अंडरस्टँड’ ही त्या काळाची उरलेली खूण. पुढे उपसर्गांचा जोर ओसरला आणि ते काम क्रियापदामागे येणाऱ्या छोट्या शब्दांकडे गेलं. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीनेही त्याला हातभार लावला असं मानतात. बाराव्या शतकातल्या पीटरबरोच्या मठातल्या इतिवृत्तात ‘गिव्ह अप’चा पूर्वज सापडतो. शेक्सपिअरच्या काळापर्यंत तर नाटकातली पात्रं उठताबसता असं बोलत होती.

फ्रेंचची घडण अगदी वेगळी आहे. तिथे दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. आत शिरणं, बाहेर पडणं, चढणं, उतरणं, ओलांडणं, प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीही याबाबतीत फ्रेंचच्याच बाजूची. आपण ‘त्याने पोहत नदी ओलांडली’ म्हणतो. ओलांडणं हे मुख्य आणि पोहणं हे त्याची रीत. फ्रेंच माणूस नेमकं तसंच म्हणतो. इंग्रज मात्र पोहण्याला क्रियापद करतो आणि ओलांडण्याचं काम ‘अक्रॉस’ या एका अव्ययावर सोपवतो. म्हणून पॅरिसहून आलेला विद्वान लंडनच्या कोर्टाचा निकाल वाचू शके आणि घरी आल्यावर मोलकरणीचं बोलणं ऐकून गोंधळून जाई.

बेलोनंतर शंभर वर्षांनी निर्वासितांची दुसरी, पहिलीपेक्षा बरीच मोठी लाट आली. चौदाव्या लुईने ऑक्टोबर 1685 मध्ये प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारा नांतचा आदेश रद्द केला आणि फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट म्हणून राहणं बेकायदा झालं. इंग्लंडला आलेल्या ह्युगेनॉटांचा आकडा 40 ते 50 हजारांच्या घरात धरतात. त्यातले रेशीम विणणारे स्पिटलफील्ड्समध्ये वसले. त्याच वर्षी लोझानहून तरुणपणीच लंडनला आलेल्या गी मिएज या स्विस माणसाचं फ्रेंचांसाठीचं इंग्रजी व्याकरण निघालं. नंतर कास्त्रचा आबेल बॉये आला. त्याचा 1699 चा ‘रॉयल डिक्शनरी’ हा फ्रेंच-इंग्रजी कोश पुढची शंभर वर्षं छापला जात होता. शिकवणी हा या मंडळींचा पोटाचा धंदा. सकाळी इंग्रजाच्या मुलाला फ्रेंच शिकवायचं, संध्याकाळी आपल्या गाववाल्याला इंग्रजी. त्यांच्या व्याकरणांच्या शेवटी वाक्प्रचारांच्या याद्या आणि संवाद हमखास असत, कारण गिऱ्हाईक त्यासाठीच पैसे मोजायचं.

इंग्रजांना स्वतःला मात्र शेपूट लावलेली ही क्रियापदं अडचणीची वाटण्याचं कारणच नव्हतं. ती अडचण स्पष्ट शब्दांत मांडणारा मोठा इंग्रज म्हणजे सॅम्युअल जॉन्सन. 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं, की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत इंग्रजीत इतर भाषांपेक्षा अधिक आहे आणि परदेशी माणसाची सर्वांत मोठी अडचण तीच. असे जोडशब्द आपण कसोशीने टिपले आहेत, असंही त्याने सांगितलं. ‘पुट’, ‘सेट’, ‘टेक’ या शब्दांखालचे त्याचे लांबच लांब रकाने पाहिले, की ही बढाई नव्हती हे पटतं.

फ्रेंच लेखक व्होल्टेअरला त्या कोशाचा उपयोग झाला नाही. तो तीस वर्षं आधीच इंग्लंडात येऊन गेला होता. 1726 मध्ये बास्तीयच्या तुरुंगातून सुटून तो आला आणि वाँड्सवर्थला एव्हरर्ड फॉकनर या व्यापाऱ्याच्या घरी राहिला. ड्रूरी लेनच्या नाटकगृहात प्रॉम्प्टर त्याला नाटकाची प्रत हातात देई आणि रंगमंचावरचं बोलणं तो पानावर बोट ठेवून ऐकत असे. 1727 मध्ये त्याने थेट इंग्रजीतच निबंध छापले. पुस्तकी इंग्रजी आणि बोलण्यातली इंग्रजी जोडायला नाटकगृहासारखी शाळा नाही, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

शिकवणीच्या धंद्यातला सर्वांत रंगतदार माणूस मात्र अमेरिकेत भेटतो. विल्यम कॉबेट हा सरेमधल्या फार्नमच्या शेतकऱ्याचा मुलगा. पलटणीत शिपाई असताना त्याने बिशप लाउथचं व्याकरण हाताने उतरून काढलं आणि पहाऱ्यावर उभा असताना ते घोकून पाठ केलं. 1792 मध्ये काही महिने फ्रान्समध्ये राहून तो फ्रेंच शिकला आणि तिथे क्रांती भडकल्यावर अमेरिकेला गेला. आधी विल्मिंग्टन आणि मग फिलाडेल्फिया इथे त्याला आयतेच शिष्य मिळाले. फ्रान्समधून पळालेले सरदार होतेच. शिवाय कॅरिबियनमधल्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत गुलामांचं बंड पेटल्यावर तिथले फ्रेंच मळेवाले जहाजं भरभरून अमेरिकेच्या बंदरांत उतरत होते. या लोकांना उद्याच्या उद्या घर भाड्याने घ्यायचं होतं, व्यापार करायचा होता.

त्यांच्यासाठी कॉबेटने 1795 मध्ये ‘ल् त्युतर आंग्ले’ हे व्याकरण फ्रेंचमध्ये लिहून छापलं. शिष्य पुन्हा पुन्हा कुठे अडतो हे रोज पाहिलेल्या माणसाचं ते पुस्तक आहे. पुढे पॅरिसमध्येही त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. कॉबेटने पुढे इंग्रज कामकऱ्यांसाठी जे प्रसिद्ध व्याकरण लिहिलं, त्याची तालीम या निर्वासितांच्या शिकवणीतच झाली होती. त्या काळात फिलाडेल्फियात तालेरांही आसऱ्याला होता, हाच पुढे नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री झाला. त्याने महिना वीस डॉलर देऊन शिकवणी लावण्याची इच्छा दाखवली आणि आपण ती धुडकावली, असं कॉबेटने लिहून ठेवलं आहे. तालेरांला भाषा नको होती, आपल्याला गळाला लावायचं होतं, असा त्याचा ठाम समज होता.

नेपोलियनचा शिक्षकही असाच निर्वासितपणात तयार झालेला. काउंट लास काझ क्रांतीनंतर लंडनला पळून गेला होता आणि तिथेच त्याचं इंग्रजी घडलं. सेंट हेलेना बेटावरच्या कैदेत इंग्रजांची वर्तमानपत्रं स्वतः वाचता यावीत म्हणून नेपोलियनने जानेवारी 1816 मध्ये त्याच्याकडे नेमाने धडे सुरू केले. त्या धड्यांचे कागद आजही जपलेले आहेत. फ्रेंच वाक्य, त्याखाली सम्राटाच्या घाईच्या अक्षरातलं इंग्रजी. स्पेलिंग कानाला जसं लागेल तसं. 7 मार्च 1816 रोजी त्याने लास काझला इंग्रजीत एक चिठ्ठी लिहिली. सहा आठवडे झाले, प्रगती नाही, अशी तिची सुरुवात. मग हिशेब. दिवसाला पन्नास शब्द धरले तर एवढ्यात दोन हजार दोनशे यायला हवे होते. कोशात तर चाळीस हजारांहून जास्त आहेत. म्हणजे एकशे वीस आठवडे, दोन वर्षांहून अधिक. तेव्हा भाषा शिकायची ती तरुणपणीच.

चिठ्ठीतल्या इंग्रजीचा सांगाडा मात्र पूर्ण फ्रेंच आहे, आणि हिशेबातली खोटही तीच. तोफखान्याच्या या अधिकाऱ्याने शब्द मोजले. शब्द एकमेकांना जोडले की अर्थ पालटतो, ते त्याच्या गणितात कुठेच नाही. नोव्हेंबर 1816 मध्ये इंग्रजांनी लास काझला पकडलं, पुढे बेटाबाहेर काढलं आणि शिकवणी संपली.

शब्दाला शब्द ठेवत गेलं की काय होतं, याचा कळस 1855 साली पॅरिसमध्ये छापला गेला. पेद्रू कारोलिनू या पोर्तुगीज माणसाने आपल्या देशबांधवांसाठी इंग्रजी संभाषणाची पुस्तिका काढली. हाताशी होतं जोझे दा फोन्सेकाचं पोर्तुगीज-फ्रेंच संवादांचं जुनं पुस्तक आणि एक फ्रेंच-इंग्रजी कोश. फ्रेंचमध्ये ‘क्रोके ल् मार्मो’ म्हणजे ताटकळत उभं राहणं. कोशातून एकेक शब्द घेत घेत ते इंग्रजीत उतरलं ‘क्रॉन्च द मार्मोसेट’, म्हणजे चिमुकलं माकड कुरकुरत खाणं! पुढे हेच पुस्तक ‘इंग्लिश ॲज शी इज स्पोक’ या नावाने इंग्रजांच्या करमणुकीचं झालं आणि 1883 च्या अमेरिकन आवृत्तीला मार्क ट्वेनची प्रस्तावना लाभली.

फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्यांत एक थोर कवी होता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. स्तेफान मालार्मे 1862 मध्ये लंडनला गेला; एडगर ॲलन पो मुळातून वाचता यावा म्हणून आपण इंग्रजी शिकलो, असं तो सांगे. 1863 पासून सुमारे तीस वर्षं तूर्नों, बझांसों, आव्हीन्यों आणि मग पॅरिसच्या शाळांत त्याने इंग्रजीचे तास घेतले. तास त्याला नकोसे वाटत. वर्गात पोरं दंगा करत. 1877 मध्ये त्याने इंग्रजी शब्दांच्या कुळांवर ‘ले मो आंग्ले’ हे पुस्तक काढलं. दुसरं हस्तलिखित त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. ते 1937 मध्ये पॉल व्हालेरीच्या प्रस्तावनेसह निघालं. त्यात सुमारे हजार इंग्रजी म्हणी आणि वाक्प्रचार व्याकरणाच्या नियमांप्रमाणे मांडलेले आहेत. नियम सांगायचा आणि त्याला दाखला द्यायचा तो लोकांच्या तोंडी असलेल्या म्हणीचा, अशी त्याची योजना. वर्गात तो इंग्रजी बालगीतंही शिकवी आणि तपासायला आलेल्या सरकारी निरीक्षकाने त्यावर नाराजी नोंदवली. इथे कवीचं बरोबर होतं आणि निरीक्षकाचं चूक. इंग्रज मूल ‘अप’ आणि ‘डाउन’ शिकतं ते अशाच गाण्यांतून.

1902 मध्ये फ्रान्सच्या सरकारनेच भाषांतराची पद्धत बाजूला सारून परकी भाषा त्याच भाषेतून शिकवण्याचा हुकूम काढला. शिक्षक कुरकुरले, वीसेक वर्षांनी हुकूम सैल झाला. 1928 मध्ये केस्लर आणि देरोकिन्यी यांनी दिसायला सारख्या पण अर्थाने फसव्या शब्दांचा संग्रह काढून त्यांना ‘फोझामी’, म्हणजे खोटे मित्र, हे नाव दिलं आणि ते भाषाशिक्षणात कायमचं रुजलं. पुढच्याच वर्षी आल्फोन्स शेरेलने ‘असिमिल’ ही प्रकाशनसंस्था काढून घरबसल्या इंग्रजी शिकवणारं पुस्तक बाजारात आणलं. ‘माय टेलर इज रिच’ हे त्यातलं पहिलं वाक्य आजही फ्रान्समध्ये लहानथोरांना पाठ आहे. 1948 च्या सुमारास मूळ रुमानियाचा युजीन आयोनेस्को याच पद्धतीने इंग्रजी शिकायला बसला. धड्यातली ती सरळ, निर्विवाद वाक्यं वहीत उतरता उतरता त्याला नाटक सुचलं. ‘ला कांतात्रीस शोव्ह’चा पहिला प्रयोग 11 मे 1950 रोजी पॅरिसमध्ये झाला. 1957 पासून ते युशेतच्या लहानशा नाट्यगृहात चालू आहे.

इंग्रजी सोपी करून देण्याचाही एक प्रयत्न ‘असिमिल’च्याच सुमारास झाला होता. सी. के. ऑग्डनने 1930 मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ काढली: 850 शब्द, त्यात क्रियापदं फक्त 18. पण ‘एंटर’, ‘कंटिन्यू’, ‘टॉलरेट’ यांसारखी फ्रेंच माणसाला फुकट मिळणारी क्रियापदं गाळून ऑग्डनने ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांच्यावर सगळा भार टाकला. बाकीचं काम शेपटांनी करायचं. फ्रेंच भाषकासाठी ही भाषा मूळ इंग्रजीपेक्षा अवघड झाली. चर्चिलने 1943 मध्ये तिची भलामण केली, तरी ती चालली नाही. या जोडक्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मिळालं तेही याच काळात. लोगन पिअरसॉल स्मिथने 1925 च्या पुस्तकात ते वापरलं आणि ऑक्सफर्ड कोशाचा संपादक हेन्री ब्रॅडली याने ते आपल्याला सुचवलं, असं नमूद केलं.

फ्रेंच आणि इंग्रजीची गाठ रस्त्यारस्त्यावर पडते ती कॅनडात. झाँ-पॉल व्हिने आणि झाँ दार्बेलने यांनी 1958 मध्ये दोन भाषांच्या शैलीची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात न्यूयॉर्कहून मॉन्ट्रिअलला जाणाऱ्या मोटाररस्त्यावर होते. सीमा ओलांडली, की पाट्यांवर फ्रेंचही दिसू लागतं, पण हे फ्रेंच इंग्रजीत विचार करून लिहिलेलं आहे, हे त्यांच्या ध्यानात येतं. पोहत नदी ओलांडण्याच्या उदाहरणात जे दिसतं, ते या ग्रंथात नियम म्हणून येतं. इंग्रजीचं अव्यय फ्रेंचमध्ये क्रियापद होतं आणि क्रियापद रीत दाखवणारा शब्द होतो, या अदलाबदलीला त्यांनी ‘शासे-क्रोआझे’ हे नाव दिलं. बेलोपासून मालार्मेपर्यंत सगळ्यांनी याद्या केल्या, दाखले दिले. अदलाबदलीचा नियम या दोघांनी सांगितला. चार शतकांच्या या धंद्यातलं हे सर्वांत मोलाचं काम म्हणायला हवं.

क्वेबेकमधले लोक प्रेमात पडतात तेव्हा ‘तोंबे आन्नामूर’ म्हणतात. फ्रान्समध्ये असं कुणी म्हणत नाही, तो इंग्रजीचा शब्दशः उतारा मानला जातो. फेरफटक्यालाही तिथे ‘प्रांद्र युन मार्श’ म्हणतात, तेही इंग्रजीच्या वळणाचं. भाषेचे राखणदार यावर नाक मुरडतात. पण इंग्रजीनेही हेच केलं आहे. पाठ करण्याला इंग्रज ‘बाय हार्ट’ म्हणतो, ते फ्रेंच ‘पार कर’चं भाषांतर, निरोप घेण्याला ‘टेक लीव्ह’ म्हणतो, ते ‘प्रांद्र कोंजे’चं, आणि ‘सांगायलाच नको’ या अर्थी तो जे ‘इट गोज विदाउट सेइंग’ म्हणतो, तेही एकोणिसाव्या शतकात फ्रेंचमधून जसंच्या तसं उचललेलं आहे.